चाळणीतून पडतो तो चरस

गेल्या महिन्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अंमली पदार्थविरोधी कायद्यावर बोलायला गेले होते. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. आवाज शांत होता आणि तयारी करून आलेला दिसत होता. म्हणाला, "मॅडम, गांजाची नुसती पानं केंद्राच्या कायद्यात बसत नाहीत, हे तुम्हीच आत्ता सांगितलं. मग ती पानं मी घरी पिंपात घालून चाळली तर ती पानंच राहतात ना? मी त्यात कुठलं रसायन घालत नाही, काही उकळत नाही. गव्हाचं पीठ चाळलं म्हणून गहू बदलतो का? शिवरात्रीला लोक भांग पितात, त्यांना कोणी हात लावत नाही. माझा चुलतभाऊ टोरंटोत तळघरात हेच उघडपणे करतो. मग इथे गुन्हा कसला?"

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला वेळ पाच मिनिटांचा होता. त्या पाच मिनिटांत मी जे उत्तर दिलं ते अपुरं होतं, हे घरी येताना जाणवत राहिलं. हा युक्तिवाद मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. आरोपींच्या तोंडून ऐकला आहे, त्यांच्या आईवडिलांकडून ऐकला आहे, एकदा तर एका कनिष्ठ वकिलाकडूनही. मी अठरा वर्षं सत्र न्यायालयात बचाव पक्षातर्फे उभी राहते, सरकारतर्फे नाही. म्हणूनच त्या मुलाला पूर्ण उत्तर देणं हे मी माझं काम समजते.

आधी वस्तू कोणती ते स्पष्ट करू. गांजाचं बोंड विक्रीसाठी तयार करताना त्याच्या भोवतीची बारीक पानं छाटतात. त्या छाटणीचा चुरा उरतो. त्या पानांवर राळेच्या अगदी सूक्ष्म ग्रंथी असतात, टाचणीच्या टोपीसारख्या, देठावर उभ्या. चुरा सुकलेला असला की त्या मोडून गळतात. बारीक जाळी लावलेलं पिंप फिरवलं की पानं आत राहतात आणि ग्रंथी खाली पडतात. खाली साचलेल्या फिकट पिवळट भुकटीला कीफ म्हणतात. शब्द अरबी आहे, अर्थ सुख, मौज. घरी असं फिरतं पिंप बनवण्याची हौस आता आपल्याकडच्या मुलांपर्यंत पोचली आहे. ज्याला सुतारकाम, विजेची मोटार, जाळ्या यांची आवड आहे त्याला ती एखाद्या प्रयोगासारखी वाटते. त्या मुलाच्या डोळ्यांत मला व्यसन दिसलं नाही, प्रयोगाचा उत्साह दिसला. भीती त्याचीच वाटली.

आता पानांचा मुद्दा. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात कलम २(३) मध्ये व्याख्या आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. बिया आणि पानं त्यातून वगळली आहेत, पण एका अटीवर: ती शेंड्यांसोबत नसतील तर. छाटणीच्या चुऱ्यात शेंड्यांचे तुकडे हमखास असतात, कारण छाटणी शेंड्याचीच होते. म्हणजे "ही नुसती पानं" हे वाक्य चुऱ्याच्या बाबतीत पहिल्या पायरीवरच डळमळतं. तरीही मी वकील म्हणून त्यावर भांडू शकते. न्यायालयात आम्ही भांडतोही: जप्त मालात शेंडे किती होते, पानं किती होती, ती वेगळी करून वजन केली का, नमुना कसा काढला. या प्रश्नांवर आरोपी सुटल्याची उदाहरणं आहेत.

पण त्याच व्याख्येत, गांजाच्याही आधी, चरस येतो. त्याची व्याख्या आहे झाडापासून वेगळी केलेली राळ, कोणत्याही स्वरूपात, कच्ची असो की शुद्ध केलेली. झाडाचा कोणता भाग, हे तिथे लिहिलेलं नाही. पानांना दिलेली सूट इथे नाही. उष्णता लागली का, द्रव लागला का, यंत्र लागलं का, असा एकही प्रश्न तिथे विचारलेला नाही. प्रश्न एवढाच: राळ झाडापासून वेगळी केली की नाही? पिंप फिरवण्याचा हेतूच तो आहे. त्याच कायद्यात 'उत्पादन' या शब्दाचीही व्याख्या आहे, आणि ती म्हणजे अफू, कॅनाबिस (म्हणजे चरस, गांजा) वगैरे ज्या झाडापासून मिळतात त्यापासून त्यांना वेगळं करणं. चाळणं म्हणजे वेगळं करणं. याहून साधं मराठी मला सांगता येणार नाही.

आता वजन पाहा, कारण या कायद्यात शिक्षा वजनावर ठरते. गांजाची लहान मात्रा एक किलोपर्यंत आणि व्यापारी मात्रा वीस किलो. चरसाची लहान मात्रा शंभर ग्रॅमपर्यंत आणि व्यापारी मात्रा एक किलो. २००१ च्या अधिसूचनेपासून हे आकडे आहेत. लहान मात्रेला जास्तीत जास्त एक वर्ष. लहान आणि व्यापारी यांच्या मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी मात्रेला कमीत कमी दहा, जास्तीत जास्त वीस वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ अशक्य. पोतंभर चुरा चाळून डबाभर भुकटी केली म्हणजे माल कमी झाला, असं मुलांना वाटतं. कायद्याच्या तराजूत वजनाबरोबर मापही बदलतं. एक किलोच्या मापाखालून तो शंभर ग्रॅमच्या मापाखाली येतो.

त्यातही घरच्या चाळणीचा माल कधीच निव्वळ राळेचा नसतो. पानांची धूळ त्यात उतरते, म्हणून तो हिरवट दिसतो. मग मुलं म्हणतात, यात खरी राळ निम्मीच, निम्मंच वजन धरा. पूर्वी या बचावाला थोडा आधार होता. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणातल्या शुद्ध द्रव्याचं वजन धरावं असं म्हटलं होतं. २०२० मध्ये हीरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत बाजूला सारलं आणि मिश्रणाचं संपूर्ण वजन धरायचं असं ठरवलं. त्यानंतर पानाच्या धुळीचं वजन वजा करून घेणं अतिशय अवघड झालं आहे.

आणि पिंपाबद्दल वेगळं सांगते, कारण ते कोणाच्याच लक्षात येत नाही. कलम ५४ सांगतं की आरोपीकडे काही वस्तू सापडल्या आणि त्यांचा समाधानकारक खुलासा त्याला देता आला नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत त्याने गुन्हा केला असं गृहीत धरता येतं. त्या वस्तूंमध्ये अंमली पदार्थ तर आहेतच, शिवाय ते तयार करण्यासाठी खास बनवलेलं उपकरण किंवा भांड्यांचा संच आहे, आणि प्रक्रियेनंतर उरलेला चोथासुद्धा आहे. अर्थात आधी सरकार पक्षाला ताबा सिद्ध करावा लागतो. पण ज्याच्या खोलीत, त्याच्या हाताने जोडलेलं पिंप त्याच्या पलंगाखाली सापडतं, त्याच्यापुढे खुलासा तरी कोणता उरतो?

असं एक पिंप मी जवळून पाहिलं आहे. आमच्या जिल्ह्यातलं प्रकरण आहे, नावगाव सांगत नाही. मुलगा तेवीस वर्षांचा, यंत्र अभियांत्रिकीचा. साक्षीच्या दिवशी मुद्देमाल न्यायालयात आणला. रंगाची रिकामी बादली, तिच्या अंगाला मोठमोठ्या खिडक्या कापलेल्या, खिडक्यांवर छपाईच्या कामात वापरतात तसली बारीक जाळी चिकटवलेली. चिकटवणं इतकं सफाईदार होतं की कडेला गोंदाचा एक थेंब बाहेर आलेला नव्हता. आरी फिरवून कापलेल्या कडा त्याने कागदाने घासून गुळगुळीत केल्या होत्या. जाळीवर लाखेची मोहोर लावलेली दोरी आडवी गेली होती आणि बादलीवर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी होती. दीड वर्षाने उघडलेल्या मुद्देमालाच्या कापडातून अजून वास येत होता. न्यायाधीशांनी पिंप हातात घेऊन फिरवून पाहिलं. मी आरोपीकडे पाहिलं. त्याची मान खाली होती. त्याचे वडील मागच्या बाकावर बसले होते. एसटीत वाहक म्हणून नोकरी केलेला माणूस. मधल्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं, "मॅडम, चाळणी बाळगणंसुद्धा गुन्हा असतो का?"

त्या घरात पिंपाशिवाय दोन वस्तू सापडल्या होत्या. पोत्यात उरलेला चोथा एक किलो आठशे ग्रॅम. डब्यात भुकटी एकशे चाळीस ग्रॅम. चोथ्याबद्दल मी भांडू शकत होते आणि भांडलेही: ही पानं आहेत, शेंडे वेगळे केले नाहीत, तपासणीत त्रुटी आहेत. भुकटीबद्दल प्रयोगशाळेच्या अहवालात एकच शब्द होता, चरस. एकशे चाळीस ग्रॅम, म्हणजे लहान मात्रेच्या वर. चुरा तसाच पोत्यात असता तर माझ्याकडे मांडायला चांगली बाजू होती. पिंप फिरलं आणि ती बाजू गेली.

त्याहून वाईट एक गोष्ट झाली. कलम ६४ए हा या कायद्यातला फार थोड्यांना माहीत असलेला दरवाजा आहे. व्यसनात सापडलेला माणूस, ज्याच्यावर सेवनाचा किंवा लहान मात्रेचा आरोप आहे, तो स्वतःहून सरकारमान्य संस्थेत उपचार घेऊन पूर्ण करतो, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. हा मुलगा सेवन करत होता, त्याला उपचारांची गरज होती, तो जायला तयारही होता. पण शंभर ग्रॅमच्या वर चाळीस ग्रॅम होते. त्या चाळीस ग्रॅममध्ये पानाची धूळ किती होती कोण जाणे. दरवाजा बंद झाला. त्याला जामीन मिळायला सात महिने लागले आणि त्या सात महिन्यांत हाती आलेली नोकरी गेली.

आता "रसायन घातलं नाही" या मुद्द्याकडे येते. हा मुद्दा मुलांना फार प्रिय आहे. ब्युटेन वायूने राळ काढताना अमेरिकेत घरं पेटली, माणसं भाजली, हे खरं आहे. त्याच्या तुलनेत चाळणी स्फोट करत नाही, हेही खरं. पण धोका कमी आहे म्हणजे वस्तू तीच राहिली, असं होत नाही. लोणी काढायलाही रसायन लागत नाही, रवी आणि हात लागतात. म्हणून कोणी पेलाभर दुधाच्या जागी पेलाभर लोणी खात नाही. गव्हाचा दाखला त्या मुलाने दिला तो इथे लागूच पडत नाही. पीठ चाळताना आपण कोंडा टाकतो आणि गव्हाचा बहुतेक भाग ठेवतो. इथे झाडाचा जवळजवळ सगळा भाग टाकायचा आणि नशेचा तेवढा ठेवायचा, असा उद्योग आहे.

नशेचं मूळ द्रव्य टीएचसी. १९६४ मध्ये इस्राएलमध्ये रफाएल मेकुलम आणि येहिएल गाओनी यांनी ते वेगळं करून त्याची रचना सांगितली, ती पोलिसांनी जप्त केलेल्या लेबनॉनच्या हशीशवर काम करून. पान घेतलं नाही, राळ घेतली, कारण द्रव्य राळेत साठतं. पिंप फिरवणारा मुलगा नकळत तेच करतो, फक्त किती टक्के साठलं हे मोजायचं साधन त्याच्याकडे नसतं. आज पिवळी भुकटी निघाली, उद्या हिरवट निघाली, दोन्हींची चिमूट सारखीच दिसते. ती खाण्यात घातली तर परिणाम जाणवायला अर्धा तास ते दोन तास लागू शकतात. तेवढ्यात "काही होत नाही" म्हणून दुसरी चिमूट पोटात जाते. रात्री रुग्णालयात छाती धडधडतेय, मरतोय असं ओरडत आलेल्या मुलांच्या हकिगती मी त्यांच्या आयांकडून ऐकल्या आहेत.

तीव्रतेचा प्रश्न केवळ एका रात्रीचा नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसीचा माल रोज घेणाऱ्यांमध्ये मनोविकृतीचा आजार होण्याची शक्यता, कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ पाचपट दिसली. प्रत्येक घेणाऱ्याला आजार होतो असा याचा अर्थ नाही, आणि या एका अभ्यासावरून एकामुळेच दुसरं होतं असंही ठरत नाही. पण तीव्रता वाढवणं ही निरुपद्रवी हौस आहे, हे म्हणणं त्यापुढे टिकत नाही. चाळणीचं काम तीव्रता वाढवणं हेच आहे.

आणि धूळ. चाळणी धूत नाही. पानावरची बुरशी, माती, फवारलेलं औषध, यातलं जे बारीक आहे ते जाळीतून खालीच येतं. भुकटी हवेतही उडते आणि फिरवणाऱ्याच्या फुप्फुसात जाते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, परवाना असलेल्या, तपासणी होणाऱ्या कारखान्यात गांजा दळून कागदी नळ्यांत भरण्याचं काम करणारी सत्तावीस वर्षांची कामगार दम्याच्या झटक्याने गेली. तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने ते प्रकरण धुळीमुळे कामाच्या जागी जडलेल्या दम्याचं म्हणून नोंदवलं. ती परवान्याच्या कारखान्यात होती. आपली मुलं दार बंद करून, वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीला टॉवेल कोंबून, ते पिंप फिरवतात.

भांगेचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण टाळ्या त्याच्यावर पडल्या. परंपरा आपली आहे, मग तीच साक्ष काढू. आपल्या भाषेत या एका झाडासाठी भांग, गांजा, चरस असे तीन शब्द आहेत. आजोबा-पणजोबांना हौस म्हणून हे तीन शब्द सुचले नाहीत. पान वाटून प्यायचं ती भांग, शेंडा चिलमीत भरायचा तो गांजा, राळ तो चरस. तीन वस्तू, तीन ताकदी, तीन वेगळे घेणारे. जुन्या घरांमध्ये शिवरात्रीला भांग चालायची आणि चरस ओढणाऱ्याला ओटीवरही बसू देत नसत. परंपरेचं नाव घेऊन या तिन्हींची एकच रास करणारा परंपरा मानत नाही.

लिखित पुरावा हवा असेल तर १८९३-९४ चा इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल आहे. मुलं त्याचं नाव घेतात, कारण मर्यादित सेवनाने सहसा अपाय होत नाही असं त्या आयोगाने म्हटलं होतं. म्हटलं होतं, मी नाकारत नाही. पण त्याच आयोगाने अतिसेवनाबद्दल वेगळा निष्कर्ष काढला, आणि भांग, गांजा, चरस यांची नोंद शेवटपर्यंत वेगवेगळी ठेवली. त्या काळी पंजाबात विकला जाणारा चरस मध्य आशियातल्या यारकंदहून लेहमार्गे होशियारपूरला यायचा. तो कसा बनायचा? वाळलेले शेंडे चुरडून, चाळणीतून गाळून, भुकटी कातडी पिशव्यांत भरून. सव्वाशे वर्षांपूर्वी, विजेची मोटार नसताना, चाळून काढलेल्या या भुकटीला मध्य आशियातले व्यापारी, पंजाबातले दुकानदार आणि कलकत्त्याचे अधिकारी सगळे एकाच नावाने ओळखत होते. कोणालाही ती भांग वाटली नव्हती. हिमाचलमधल्या मलाण्यात चरस हाताने चोळून काढतात, यारकंदला चाळून काढत, मोरोक्कोच्या रीफ डोंगरात कापड ताणलेल्या भांड्यावर झोडपून काढतात. रीत बदलते, माल बदलत नाही.

१९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही पानाला सूट आहे आणि राळेची व्याख्या वेगळी आहे. आपल्या १९८५ च्या कायद्याने तीच विभागणी उचलली. म्हणजे पानाला मिळालेली सवलत ही भांगेच्या परंपरेचीच सवलत आहे. ती राळेला लावून मागणं म्हणजे आजोबांच्या नावावर त्यांनी न घेतलेलं कर्ज चढवणं.

आणि महाराष्ट्रातल्या मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्राच्या कायद्याने पान सोडलं तरी आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. त्यात परवान्याशिवाय भांग बनवणं, बाळगणं, सेवन करणं यालाही मनाई आहे. गुजरातने २०१७ मध्ये भांग आपल्या कायद्यातून वगळली, महाराष्ट्राने नाही. शिवरात्रीला कोणी हात लावत नाही, हे अनेक ठिकाणी खरं आहे. पण पोलीस दुर्लक्ष करतात आणि कायदा परवानगी देतो, या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते पहिल्या पंचनाम्यात कळतं. शिवाय पानं कुठून आली हा प्रश्न राहतोच. गच्चीवर झाड लावलं असेल तर लागवड हा स्वतंत्र गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा. विकत घेतली असतील तर विकणाऱ्याच्या टोळीशी नाव जोडलं जातं, आणि कटाचं कलम लागलं की मात्रेचा हिशोबच बदलतो.

आता टोरंटो. त्या चुलतभावाचं खरं आहे. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदा बदलला. घरटी चार झाडं लावता येतात, घरी चाळताही येतं. ज्वलनशील विद्रावक वापरायला मात्र मनाई आहे. क्वेबेक प्रांतात घरी झाड लावायलाच बंदी आहे आणि ती बंदी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम ठेवली. पण मला सांगायचंय ते वेगळंच. कॅनडाचा कायदाही पान-बोंड आणि काढलेली राळ यांना एका तराजूत घालत नाही. सार्वजनिक जागी तीस ग्रॅम सुका गांजा बाळगता येतो, तिथे राळेचा पाव ग्रॅम हा एका ग्रॅम गांजाबरोबर धरला जातो, म्हणजे साडेसात ग्रॅम. कॅलिफोर्नियात बोंड साडेअठ्ठावीस ग्रॅम, राळ आठ ग्रॅम. ज्यांनी दार उघडलं त्यांनीही चाळणीतून पडलेल्या मालाला तिप्पट-चौपट कडक माप लावलं. त्यांचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्यावं.

आणि परदेशी असलेल्या आपल्या मुलांना एक कळकळीची सूचना. तिथे कायदेशीर असलेली ती छोटी डबी पुण्याला, नाशिकला, गोव्याला येताना सामानात टाकू नका. कॅनडाबाहेर ती नेणं कॅनडाच्याच कायद्याने गुन्हा आहे, आणि मुंबईच्या विमानतळावर ती आयात ठरते. तिथल्या दुकानाची पावती इथे बचाव होत नाही, उलट वस्तू काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं याचा पुरावा होते.

माझ्यावर एक आक्षेप येईल तो मला माहीत आहे: तुम्ही कायद्याची भीती दाखवता, कायदा चुकीचा असेल तर? हा कायदा सेवन करणाऱ्याशी फार कठोर वागतो असं माझं ठाम मत आहे. तेवीस वर्षांच्या मुलाला सात महिने कोठडीत ठेवून कोणाचंही भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. सेवनाला तुरुंगाऐवजी उपचार मिळावेत, मात्रांचे आकडे पुन्हा तपासावेत, हे मी वकील संघाच्या बैठकीत मांडलं आहे आणि पुढेही मांडीन. ती लढाई खोटा युक्तिवाद घेऊन लढता येत नाही. "ही पानंच आहेत" हे म्हणणं खोटं आहे. ते घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाबरोबर खऱ्या सुधारणेची मागणी करणाऱ्यांची पत कमी होते.

२०१९ मध्ये केंद्र सरकार आणि एम्सने देशभरचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यात वर्षभरात भांग घेतलेले सुमारे २.२ कोटी आणि गांजा-चरस घेतलेले सुमारे १.३ कोटी लोक आढळले. मदतीची गरज असलेल्यांचा आकडा ७२ लाखांच्या आसपास होता. माझ्या कचेरीत येतात ते या ७२ लाखांतले काही असतात आणि बहुतेक वेळा उशिरा येतात. आपल्याकडे मदतीची सोय नाही असंही नाही. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं तेव्हा व्यसनी मुलाला घरात कोंडणं एवढाच उपाय लोकांना माहीत होता. आज मोफत राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे, १४४४६.

मागच्या रांगेतल्या त्या मुला, तू हे वाचत असशील तर माझं म्हणणं तपासून पाहा. कलम २(३), कलम २० आणि कलम ५४ स्वतः वाच. तुझ्याकडे बुद्धी आहे, हात आहे, जाळी कशी ताणायची हे तुला कळतं. आणि आईवडिलांनो, मुलाच्या खोलीत असं काही दिसलं तर आरडाओरडा करण्याआधी त्याच्याशी बोला आणि डॉक्टरांकडे न्या. प्रकरण पोलिसांत गेलंच तर वकिलाला पहिल्याच दिवशी कलम ६४ए बद्दल विचारा. चरसासाठी तो दरवाजा शंभर ग्रॅमपर्यंतच उघडा असतो.